दिवे घाटातच का जातात?

इंदूरच्या एका वाचकाचं पत्र आहे. नाव छापू नका म्हणालेत, म्हणून छापत नाही. मजकूर थोडक्यात असा:

वडिलांची २००७ ची टाटा ४०७ दोन वर्षांपासून ते सांभाळतात. इंदुरातल्या पालद्याहून किराणा आणि नमकीनचे खोके भरून गाडी शिरपूर-धुळ्याला जाते. गाडीवर नाना, वडिलांच्या काळापासूनचे ड्रायव्हर, वय अठ्ठावन्न. मागच्या दिवाळीपासून नाना सांगतात, रात्री घाटात हेडलाइट आणि डॅशबोर्ड एकदम जातात आणि दोन-तीन सेकंदांत आपोआप येतात. इंजिन चालूच असतं. कधी ढाब्यावर जेवून निघताना सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) नुसता 'टक्' करतो, चौथ्या-पाचव्यांदा चावी फिरवली की लागतो. सकाळी इंदुरात मिस्त्रीकडे गाडी लावली की सगळं ठणठणीत. बॅटरी नवी झाली, अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) उघडून झाला, सेल्फ ओव्हरहॉल झाला; सव्वीस हजार गेले आणि दिवे जायचे ते जातातच. आता मिस्त्री म्हणतो अख्खं वायरिंग बदला. मेहुणे म्हणतात विकून टाका, नवी हप्त्यांवर घ्या. वाचकांनी स्वतः दोन रविवारी सकाळी बायपासवरून राऊपर्यंत गाडी चालवून पाहिली, काही झालं नाही. शेवटी लिहितात: "नानांना रात्रीची खेप नकोशी झालीय आणि ते बनवून सांगतायत, असं मनात येतं. बाबांसमोर हे बोलायची सोय नाही. काय करू?"

सुरुवात नानांपासून करू. वायरी कुठे पळून जात नाहीत.

तुम्ही गाडी कधी चालवलीत? रविवारी सकाळी, रिकामी, बायपासच्या गुळगुळीत रस्त्यावर, दिवे न लावता, फार तर तासभर. नाना कधी चालवतात? रात्री, दोन-अडीच टन माल भरून. महू, मानपूर मागे पडेपर्यंत हेडलाइट तास-दीड तास सलग जळत असतात. मग घाटाचा उतार, खाली गुजरी-धामनोदला निमाडाची गरम हवा, आणि पुढे सेंधव्यापलीकडे बिजासनचा दुसरा घाट. नंबर प्लेट एकच असली तरी या दोन वेगळ्या गाड्या आहेत. तुम्ही चालवलीत ती गाडी खरंच ठीक आहे.

जोड ढिला किंवा गंजलेला असला की तिथे विजेला अडथळा होतो, आणि अडथळा असतो तिथे उष्णता होते. थंड असताना दोन पत्रे एकमेकांना कसेबसे टेकलेले असतात, काम चालतं. तासभर आठ-दहा अँपियर त्यातून गेले की जागा तापते, धातू फुगतो, टेकलेलं सुटतं. गार झालं की परत टेकतं. त्यात माल भरला की चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, थोडी पिळते, वळणावर आणखी पिळते. केबिन रबरी माउंटिंगवर बसलेली, ती आपली वेगळी हलते. चासीतून केबिनमध्ये जाणारी प्रत्येक वायर या ओढाताणीत सापडते. सकाळी मिस्त्रीच्या दारात गाडी गार, रिकामी आणि सपाट जमिनीवर उभी. बिघाडाने तिथे हजेरी का लावावी?

राहिलं 'नकोशी झालीय' हे. झालीही असेल. ताशी चाळीसने जाणारी गाडी दोन सेकंदांत २२ मीटर पुढे जाते. घाटात इतका रस्ता आंधळ्यासारखा कापलेल्या माणसाला रात्रीची खेप नकोशी होणारच. त्याने तो खोटारडा ठरत नाही.

हे मी शहाणपणाच्या टेकडीवर बसून सांगत नाही. गॅरेजातल्या माझ्या उमेदीच्या वर्षांत एक ट्रक तीन दिवस माझ्या गळ्यात होता. मागचे दिवे जायचे, यायचे. ड्रायव्हर म्हणाला, "उस्ताद, क्लीनर सोबत नसला की दिवे जात नाहीत." सगळं गॅरेज हसलं, सगळ्यात मोठ्याने मी. चौथ्या दिवशी हताश होऊन त्याच्याबरोबर चक्कर मारायला बसलो, क्लीनरच्या जागेवर. पाय पसरले आणि मागचे दिवे गेले. पायाखालच्या मॅटच्या खाली कुणीतरी मागच्या दिव्यांची वायर नेली होती, तिच्यात टेप गुंडाळलेला जोड होता आणि क्लीनरची टाच बरोबर त्यावर. ड्रायव्हरने पहिल्या दिवशी उत्तर दिलं होतं, आम्हाला ते उत्तरासारखं ऐकू आलं नाही.

तर तुमच्या गाडीचा एकुलता एक साक्षीदार नाना आहेत, आणि पत्रावरून दिसतं की त्यांना अजून कुणी नीट विचारलेलं नाही. "लाइट गेली होती का?" एवढंच विचारलं जातं. विचारायचं असतं ते वेगळंच. दिवे जातात तेव्हा राहतं काय? हॉर्न वाजतो का? वायपर फिरतो का? आरशात मागे लाल दिव्याचा उजेड रस्त्यावर पडलेला दिसतो की तोही जातो? हे शेवटचं फार मोलाचं आहे. मागचे दिवे आपलं अर्थिंग, म्हणजे विजेची बॅटरीकडे परतीची वाट, मागे चासीवर घेतात, हेडलाइट आणि मीटर केबिनच्या पत्र्यावर. मागचा लाल उजेड शाबूत आणि पुढचं सगळं अंधार, असं असेल तर केबिन आणि चासी यांच्यातल्या अर्थिंगवर माझा पहिला संशय. मागचंही गेलं तर वीज केबिनमध्ये पोचण्याआधीच अडतेय: मुख्य वायर, तिचे लग (टोकाच्या धातूच्या कड्या), फ्यूज बॉक्सचं मुख्य टर्मिनल, बॅटरी कट-ऑफ स्विच बसवला असेल तर तो, किंवा डॅशमागचा एखादा जळका कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग).

दुसरा प्रश्न: जाण्याआधी दिवे क्षणभर लखकन वाढतात, की थेट जातात? इंजिन चालू असताना बॅटरीचा जोड सुटला तर अल्टरनेटरचं व्होल्टेज उसळतं, दिवे आधी भडकतात. थेट अंधार होत असेल तर बॅटरीच्या खुंटापेक्षा पुढे बघा.

हे नानांना घाटात लक्षात ठेवायला सांगू नका, त्यांचं लक्ष रस्त्यावर हवं. एका खेपेला तुम्ही शेजारी बसा. लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायचा छोटा व्होल्टमीटर मिळतो, तो लावा. इंजिन चालू असताना तो साधारण १३.८ ते १४.४ दाखवील. दिवे गेले त्या क्षणी आकडा तसाच राहिला, खाली पडला की मीटरच विझला, हे एक वाक्य वहीत आलं की मिस्त्रीचे दोन दिवस वाचतील. सोबत तारीख, ठिकाण, माल किती, पाऊस होता का, कोणकोणते दिवे चालू होते. हिशोबाच्या वहीचं मागचं पान पुरतं.

आता सव्वीस हजारांबद्दल. मिस्त्रीने तुम्हाला फसवलं असं पत्रात स्पष्ट नाही, पण सूर तसा आहे. मला तसं वाटत नाही. त्याला बिघाड दिसला नाही आणि तुम्हाला काहीतरी झालेलं हवं होतं, म्हणून त्याने जे बदलता येतं ते बदललं. बॅटरी, अल्टरनेटर, सेल्फ ही तिन्ही मोठी भांडी. घरात नर्मदेचं पाणी कमी आलं तर आपण टाकी, मोटर बदलत सुटत नाही, आधी नळाचा जोड बघतो. तुमच्या गाडीत जोड कुणी पाहिलेच नाहीत, कारण जोड पाहण्याचे पैसे मागायची मिस्त्रीला लाज वाटते आणि द्यायला मालकाचा जीव जातो. पार्ट बदलला की बिल होतं. अर्धा दिवस बोल्ट घासले याचं बिल कुणी फाडत नाही.

म्हणून त्याला आधीच सांगा: पार्ट नको, तुमच्या वेळेचे पैसे देतो. आणि मग पुढची कामं त्याच्यासमोर उभं राहून करून घ्या.

सगळ्यात आधी बॅटरीपासून चासीला, चासीपासून इंजिनला आणि केबिनला गेलेल्या अर्थिंगच्या पट्ट्या. इंजिनही रबरावर बसलेलं असतं, त्यामुळे ही जाळीची पट्टी नसली तर सेल्फच्या शेकडो अँपियरना परतीची वाट नाही. मग ती वीज ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वगैरे वाट काढते. सेल्फ मारल्यावर अशी केबल गरम लागली तर समजा चोर घरातलाच. पट्टीचा बोल्ट नुसता आवळून चालत नाही. तो पूर्ण काढायचा, लग उलटा करून बघायचा. वरून ठीक दिसणाऱ्या लगाच्या पोटाशी बहुतेकदा हिरवट-पांढरी भुकटी असते आणि चासीच्या बाजूला कुणीतरी मारलेला रंग. रंग मारताना पट्टी काढली नाही, हे इतक्या गाड्यांत पाहिलंय की मोजणं सोडलं. पॉलिश पेपरने दोन्ही बाजू धातू चमकेपर्यंत घासा, दात्याचा वॉशर घाला, आवळा, वरून ग्रीस. काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह आधी काढायची आणि जोडताना शेवटी.

मल्टिमीटर असेल तर अंदाज करावा लागत नाही. डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी सळई बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, क्लॅम्पवर नव्हे, शिशाच्या खुंटावर. लाल सळई इंजिनच्या उघड्या धातूवर. कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. ०.३ व्होल्टच्या आत असावं. अर्ध्याच्या वर गेलं तर परतीच्या वाटेत अडथळा आहे. मग दिवे लावून लाल सळई हेडलाइटच्या अर्थ वायरवर. इथे ०.१-०.२ ठीक, अर्धा व्होल्ट दिसला तर नानांची माफी मागायची तयारी ठेवा. मापताना केबिनच्या खालचा वायरचा गठ्ठा हाताने हलवत राहा, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकातल्या रबरी ग्रोमेटपाशी खास. आकडा ज्या क्षणी उडी मारतो, तुमचा हात तिथे असतो.

हेही जमत नसेल तर एक जुना उपाय. बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट केबिनच्या घासलेल्या पत्र्याला एक जाड वायर टाका आणि चार खेपा जाऊ द्या. दिवे गेले नाहीत तर निदान झालं आणि इलाजही. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही आणि सहा महिन्यांनी पुन्हा शून्यापासून.

अर्थिंगनंतर हेडलाइटचा स्विच. एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण खांद्यावर हात ठेवून विचारतो: बल्ब कोणते आहेत? मूळचे ६०/५५ वॉटचे दोन बल्ब डिपवर मिळून साधारण नऊ अँपियर घेतात. घाटात उजेड हवा म्हणून १००/९० चे टाकले की हायवर सोळा-सतरा. वायर तीच, स्विच तोच, मध्ये रिले (स्विचचा भार स्वतःवर घेणारा विजेचा खटका) नाही. दीड तासात स्विचच्या आतला पत्रा काळा पडतो, कपलरचं प्लास्टिक वितळून पिवळट होतं. तासभर चालवल्यावर स्विचच्या मागे हात लावून बघा आणि कपलर उघडून नाकाशी न्या. जळका वास महिनोन्महिने जात नाही. असं निघालं तर मूळ बल्ब परत घाला आणि हाय-डिपला दोन रिले बसवा. खर्च किरकोळ आणि उजेड उलट वाढतो, कारण पूर्ण व्होल्टेज बल्बपर्यंत पोचतं. समोरच्या ड्रायव्हरचाही दुवा मिळेल.

ढाब्यावरचा 'टक्' मी वेगळा ठेवतो. दोन्ही तक्रारींचा चोर एकच असेल असं तुम्ही, मिस्त्री, सगळे धरून चाललायत. एकोणीस वर्षांच्या गाडीत दोन चोर सहज नांदतात. एकच जड 'टक्' म्हणजे सोलेनॉइड (सेल्फवरचा विजेचा खटका) ओढला गेला, पण पुढे मोटरपर्यंत वीज पुरेशी गेली नाही: आतले कॉन्टॅक्ट, जाड केबलचे लग, किंवा पुन्हा अर्थिंग. 'टकटकटकटक' अशी टाळी वाजत असती तर बॅटरी किंवा तिचे जोड म्हणालो असतो. ओव्हरहॉल करताना सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट बदलले का, नुसते घासून बसवले, हे विचारा.

मिस्त्रीला एक गोष्ट मात्र करू देऊ नका. इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची आणि "बघा, गाडी चालतेय, म्हणजे चार्जिंग ठीक" असं दाखवायची जुनी सवय आहे. डायनमोच्या जमान्यात खपून जायचं. अल्टरनेटरमध्ये त्या उसळीने डायोड, रेग्युलेटर जाऊ शकतात. तुमच्याकडे हे झालं असेल तर अल्टरनेटर दुरुस्त झाल्यावरही गडबड का, याचं एक उत्तर तिथेच आहे.

अख्खं वायरिंग बदलायचं का? मी तरी आत्ता नाही म्हणेन. गठ्ठ्याची टेप दोन-तीन जागी सोडून बघा. वायरचं कव्हर कडक होऊन वाकवल्यावर तडकत असेल, आतलं तांबं काळं पडलेलं असेल, दर हातभर अंतरावर कुणाच्या तरी पिळलेल्या वायरी आणि टेप असेल, तर बदला, पैसे वाया जाणार नाहीत. पण नवं वायरिंग त्याच गंजक्या बोल्टांवर आवळलं तर नव्या वायरीतून तोच अंधार. आणि म्युझिक सिस्टिम, पंखा, केबिनच्या रंगीत पट्ट्या, मोबाइलचं चार्जर यांनी वीज कुठून घेतलीय ते एकदा बसून शोधा. नानांची म्युझिक सिस्टिम काढू नका, फक्त तिला स्वतःची फ्यूज द्या.

ज्यांच्या गाडीत दिवे जात नाहीत पण फ्यूज उडते, त्यांच्यासाठी इथेच सांगतो, अशीही पत्रं येतात. फ्यूज एकामागून एक जाळत बसू नका, आणि तांब्याची तार तर मुळीच नको. त्याने फ्यूजऐवजी गाडी जळते. फ्यूजच्या दोन खाचांत इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब जोडा. त्या लाइनवरचे दिवे बंद असतानाही बल्ब झगझगीत पेटला तर शॉर्ट चालू आहे. गठ्ठा हलवत पुढे जा. बल्ब जिथे विझतो तिथे वायर चासीला घासतेय. रात्रीतून बॅटरी उतरत असेल तर सगळं बंद करून निगेटिव्हमध्ये अँपियर मीटर घाला आणि एकेक फ्यूज काढत जा. तुमच्यासारख्या जुन्या गाडीत संगणक नाही, त्यामुळे उभ्या गाडीने जवळपास काहीच खाऊ नये. ५० मिलीअँपियरच्या वर काही दिसलं तर कुणीतरी चोरून जेवतंय.

मेहुण्यांच्या सल्ल्यात खोट नाही, वेळ चुकलीय. गाडी विकायची की ठेवायची हा हप्ता, भाडं आणि इंजिनच्या तब्येतीचा हिशोब आहे, तो शांतपणे करा. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेसचा दाखला लागतो, तो खर्चही त्यात धरा. पण दिव्यांच्या वैतागात विकली तर पडेल भावात जाईल, आणि न सांगता विकली तर त्याच घाटात दुसऱ्या कुणाचे नाना अंधारात उतरतील. विकायची झाली तरी आधी दुरुस्त करा.

बाबांशी बोलायची अडचण मला समजली नाही, खरं सांगायचं तर. "नाना खोटं बोलतात" हे त्यांना सांगता येत नाही, बरोबर. पण "नाना म्हणतात घाटात दिवे जातात, तुमच्या वेळी असं कधी झालं होतं का?" हे विचारता येतं की. गाडी त्यांनी सतरा वर्षं सांभाळलीय. कोणत्या पावसाळ्यात कुठली वायर कुणाकडून जोडून घेतली, हे सांगताना म्हाताऱ्या माणसाला वेळ पुरत नाही.

बिघाड सापडेपर्यंत घाट दिवसा उतरवा. दोन-चार भाडी बुडतील, बुडू द्या. शोधासाठी ती एक रात्रीची खेप करायचीच असेल तर आधी अर्थिंग घासून घ्या, माल अर्धा भरा, केबिनमध्ये चार्ज केलेला मोठा टॉर्च ठेवा आणि घाटात समोरच्या गाडीपासून भरपूर अंतर. दिवे गेलेच तर ब्रेक विजेवर चालत नाहीत, हे नानांना ठाऊक आहे. तुम्ही लक्षात ठेवा आणि ओरडू नका. मोबाइलवर व्हिडिओ मानपूरपासूनच चालू करा, व्होल्टमीटर आणि डावीकडचा आरसा दोन्ही दिसतील असा. ढाब्यावर जेवून झालं की सेल्फ नानांना मारू द्या, तुम्ही खाली उतरून बॅटरीच्या क्लॅम्पवर आणि अर्थिंगच्या लगावर हात ठेवून उभे राहा. जो गरम लागेल त्याचा फोटो काढून मिस्त्रीला तिथूनच पाठवा.